जुन्या गाडीत नवा आवाज: डॅशला करवत लावण्याआधी या चुका टाळा

क्लासिक गाडीत चांगला आवाज आणायचा म्हटलं की बहुतेक जण सुरुवात उलट्या टोकाने करतात. आधी प्लेयर पसंत पडतो. तो बसेना म्हणून डॅशचा पत्रा कापला जातो, स्पीकरसाठी दरवाज्यांना भोकं पडतात, आणि एवढं सगळं झाल्यावर कळतं की गाडीचा डायनॅमो तेवढा करंट देऊच शकत नाही. क्रम नेमका याच्या उलट हवा. काय कापायचं नाही ते आधी ठरवा. मग वीज कुठून येणार ते पाहा, मग स्पीकरच्या जागा, आणि प्लेयरचा विचार सर्वांत शेवटी.

डॅश कापणे

सगळ्यात महाग चूक हीच, कारण ती परत फिरवता येत नाही. जुन्या रेडिओंना दोन बाजूंना दोन नॉब आणि मधे अरुंद पट्टी असायची. आजचं 180 बाय 50 मिलिमीटरचं डिन माप (कार रेडिओच्या खणाचं जर्मन मानक) सर्रास रूढ झालं ते 1980च्या दशकात. त्यामुळे त्याआधीच्या कित्येक डॅशांत आधुनिक युनिट थेट बसत नाही. मग कोणीतरी कानस घेऊन दोन नॉबांमधला पत्रा काढतो. अखंड मूळ डॅश असलेली गाडी आणि कापलेल्या डॅशची गाडी यांच्या किमतीतला फरक कोणत्याही साउंड सिस्टिमपेक्षा मोठा असू शकतो. कापलेला पत्रा वेल्डिंग करून भरता येतो, पण डॅशवर मूळ क्रॅकल फिनिश (सुरकुतल्यासारखा खडबडीत रंग) किंवा लाकडी पट्टी असेल तर तो जोड लपवणं फार कठीण जातं.

न कापता करायचे तीन मार्ग आहेत. पहिला, मूळ रेडिओचा चेहरा, नॉब आणि डायल तसेच ठेवून आतलं सर्किट बदलायचं. मूळचाच नॉब आवाज कमी-जास्त करतो आणि आत ब्लूटूथ असतं. दुसरा, जुन्या चेहऱ्याची नवी युनिट. रेट्रोसाउंड या कंपनीच्या युनिटमध्ये दोन नॉबांमधलं अंतर डॅशनुसार जुळवता येतं. खुद्द पोर्शेने 2020 मध्ये आपल्या जुन्या मॉडेलसाठी मूळ खणात बसणारं, दोन नॉबांचं टचस्क्रीन युनिट आणलं. तिसरा मार्ग मला सर्वांत जास्त आवडतो. मूळ रेडिओला हातच लावायचा नाही. ब्लूटूथ असलेला छोटा अॅम्प्लिफायर सीटखाली किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे बसवायचा आणि सगळं फोनवरून चालवायचं. ज्या दिवशी गाडी मूळ स्वरूपात दाखवायची असेल, त्या दिवशी चार स्क्रू आणि एक प्लग काढला की झालं.

पहिला मार्ग घेतलात तर काढलेले सगळे भाग नावाची चिठ्ठी लावून डब्यात जपा. रेडिओ व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांचा) असेल तर तो स्वतः उघडू नका. त्याच्या आत दीड-दोनशे व्होल्ट तयार होतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ टिकतात.

व्होल्टेज आणि अर्थ (अर्थिंग) न तपासता जोडणे

1960च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या फोक्सवॅगन बीटल 6 व्होल्टच्या होत्या. एमजीबीसारख्या ब्रिटिश गाड्यांत 1967 पर्यंत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे; यालाच पॉझिटिव्ह अर्थ म्हणतात. आजचं जवळजवळ प्रत्येक युनिट 12 व्होल्टचं आणि निगेटिव्ह अर्थचं असतं. म्हणून नव्या वस्तूचं खोकं उघडण्याआधी बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला गेलंय ते डोळ्यांनी पाहा आणि मीटरनेही तपासा. आधीच्या मालकाने काय बदललं असेल ते नुसत्या मॉडेलवरून सांगता येत नाही.

पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत लाल आणि काळी वायर उलटी जोडली की काम भागेल, असं अनेकांना वाटतं. भागत नाही. युनिटची धातूची पेटी आतून निगेटिव्हला जोडलेली असते आणि ती डॅशच्या पत्र्याला टेकली की थेट शॉर्ट होतो. पेटी रबरावर बसवली तरी अँटेनाच्या वायरची बाहेरची जाळी बॉडीला जाऊन तेच करते. इथे उपाय दोनच. एक म्हणजे आयसोलेटेड कन्व्हर्टर, ज्यात आत येणारी आणि बाहेर जाणारी बाजू विजेने पूर्ण वेगळ्या असतात. अँटेनाही तितकीच वेगळी ठेवावी लागते. दुसरा उपाय गाडीच निगेटिव्ह अर्थ करण्याचा. त्यात बॅटरी उलटवून थांबता येत नाही. डायनॅमोला नव्याने पोलॅरिटी द्यावी लागते, इग्निशन कॉइल आणि अँपिअर मीटरच्या वायरी अदलाबदल कराव्या लागतात, आणि इलेक्ट्रॉनिक भाग असलेलं प्रत्येक उपकरण एकेक करून तपासावं लागतं.

6 व्होल्टच्या गाडीत स्टेप-अप कन्व्हर्टर (6 चे 12 व्होल्ट करणारा) चालतो. मात्र अॅम्प्लिफायर 12 व्होल्टला 5 अँपिअर घेत असेल, तर बॅटरीकडून 10 अँपिअरहून जास्त ओढले जातात. वायरची जाडी त्या आकड्यावरून ठरवा.

डायनॅमोचा हिशोब न करणे

खोक्यावरचा 'मॅक्स' आकडा सोडून द्या आणि आरएमएस वॉट, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद, पाहा. समजा अॅम्प्लिफायर चार चॅनेलचा, प्रत्येकी 50 वॉट आरएमएस. म्हणजे 200 वॉट. क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा प्रकार) असेल तर आत साधारण 250 वॉट जातात, म्हणजे पूर्ण जोरावर जवळपास 18 अँपिअर. त्या काळातल्या असंख्य ब्रिटिश गाड्यांत असलेला लुकास सी40 डायनॅमो 22 अँपिअर देतो, तेही इंजिन चांगल्या फेऱ्यांवर असताना. हेडलाइट, मागचे दिवे आणि इग्निशन मिळून त्यातले निम्म्याहून जास्त खाऊन टाकतात. गाण्याची सरासरी मागणी पूर्ण जोरापेक्षा बरीच कमी असते, हे खरं. पण रात्री सिग्नलला उभं असताना डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही आणि सगळा भार बॅटरीवर येतो.

म्हणून डायनॅमोच्या गाडीत मोठा सबवूफर नको. प्रत्येकी 20 ते 25 खऱ्या वॉटचा क्लास डी अॅम्प्लिफायर आणि चांगले, संवेदनशील स्पीकर एवढ्यात बंद गाडीत भरपूर आवाज येतो. संवेदनशीलता 3 डेसिबलने जास्त असलेला स्पीकर निम्म्या वॉटमध्ये तेवढाच आवाज देतो.

वीज घेताना जुन्या, कापडी वेष्टनाच्या वायरिंगला चिमट्याने टॅप मारू नका. बॅटरीपासून स्वतंत्र वायर आणा, फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि इग्निशन स्विचवर भार न टाकता रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) वापरा. वायर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) नेताना आधीच असलेलं भोक शोधा आणि तिथे रबरी ग्रोमेट घालाच.

जुन्या स्पीकर वायरी तशाच वापरणे

जुन्या गाडीत स्पीकरला बऱ्याचदा एकच वायर जाते आणि दुसरं टोक बॉडीला जोडलेलं असतं. आधुनिक युनिटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर व्होल्टेज असतं. त्यातली एक बॉडीला लागली की आउटपुटची चिप बंद पडते किंवा जळते. म्हणून प्रत्येक स्पीकरला दोन नव्या वायरी टाका.

याच्या उलट चूकही होते. मूळ रेडिओ चालू ठेवून त्याला नवा 4 ओहमचा स्पीकर लावला जातो. जुने रेडिओ 8 किंवा 10 ओहमसाठी बनलेले असू शकतात. तिथे कमी ओहमचा स्पीकर लावला तर आउटपुट ट्रान्झिस्टर तापून जातो.

जागेचं म्हणाल, तर दरवाज्याचं मूळ पॅड कापण्याची गरज फार क्वचित पडते. पायाशी बाजूला असलेल्या पॅनलच्या जागी स्पीकरसह तयार पॅनल बसवता येतं, सीटखाली बंद पेटी ठेवता येते. डॅशमध्ये मूळचा एकच स्पीकर असेल, तर त्याच ग्रिलखाली ड्युअल व्हॉइस कॉइलचा स्पीकर बसवा. डावा आणि उजवा असे दोन्ही चॅनेल त्या एकाच भोकातून ऐकू येतात. दरवाज्यातच बसवायचा असेल, तर काच पूर्ण खाली करून मगच खोली मोजा.

आवाज दाबणाऱ्या शीट लावताना दरवाज्याच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवू नका. काचेच्या फटीतून पाणी आत येणारच, त्याला बाहेर जायला वाट नसेल तर पत्रा आतून कुजतो.

बसवलं, पण आवाज बिघडलाय: कुठे शोधायचं?

रेस दिल्यावर चढत जाणारी शीळ येत असेल, तर फोनचा चार्जर आधी काढून पाहा. शीळ थांबली तर दोष चार्जर आणि अॅम्प्लिफायर यांच्यातल्या ग्राउंड लूपचा, म्हणजे अर्थ दोन वाटांनी जोडला गेल्याचा. न थांबल्यास अॅम्प्लिफायर आणि प्लेयर यांचे अर्थ एकाच जागी, रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर घट्ट करा.

टक-टक असा आवाज इंजिनच्या वेगाबरोबर बदलत असेल, तर तो इग्निशनचा. रेडिओ ऐकताना अँटेनाचा प्लग उपसून पाहा. आवाज गेला तर तो अँटेनातून येतोय. अँटेनाच्या बुडाचा अर्थ तपासा आणि स्पार्क प्लगच्या तांब्याच्या वायरींऐवजी रेझिस्टन्सवाल्या लावा. अँटेनाचा प्लग काढूनही आवाज राहिला, तर तो विजेच्या वायरीतून येतोय. तेव्हा कॉइलच्या ज्या टोकाला स्विचकडून वीज येते, तिथे साधारण 1 मायक्रोफॅरडचा सप्रेसर कपॅसिटर लावा. कॉन्टॅक्ट ब्रेकरच्या (डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटच्या) बाजूला तो लावायचा नाही. डायनॅमोवर लावायचा तर जाड आउटपुट टोकावर. फील्डच्या टोकावर लावल्यास रेग्युलेटरचे पॉइंट जळतात.

बेस गायब असेल, तर बहुधा एका स्पीकरच्या वायरी उलट्या आहेत. स्पीकरची वायर अॅम्प्लिफायरपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा: पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह असताना पडदा बाहेर यायला हवा.

ब्लूटूथ तुटत असेल, तर रिसीव्हर चारही बाजूंनी पत्र्यात अडकलेला असणार. तो फायबरच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा सीटखाली हलवा.

आणि काही आठवड्यांनी गाडी सुरूच होत नसेल, तर सगळं बंद ठेवून बॅटरीच्या एका टोकाशी मालिकेत मीटर लावा. 50 मिलिअँपिअर ही मामुली गळती वाटते, पण त्याने दिवसाला 1.2 अँपिअर-तास जातात, महिन्याला 36. उभ्या राहणाऱ्या गाडीतली 40 अँपिअर-तासाची बॅटरी त्यात संपते. प्लेयरची मेमरी वायर (गाडी बंद असतानाही वीज घेणारी) स्वतंत्र स्विचवर घ्या, किंवा बॅटरीलाच कट-ऑफ स्विच बसवा.