पाचशेच्या परफ्युमला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

ऑफिसात कुणी नवीन परफ्युम घेतला की बाटली आधी माझ्या टेबलावर येते. तक्रारही ठरलेली असते. "ताई, बघ ना, तासभरसुद्धा टिकत नाही." बाटली गुलाबी, झाकणावर फूल. आत लिची, पीच, पेअर असलं काहीतरी, मागे गुलाब-जाई आणि तळाशी मस्क, म्हणजे कस्तुरीच्या धाटणीचा वास. किंमत पाचशे ते हजार. फ्रूटी फ्लोरल म्हणतात तो हाच प्रकार. बाटलीचा दोष क्वचितच असतो, पण हे ऐकायला कुणी थांबत नाही.

सगळ्यात जास्त चीड येते ती फवारला, हुंगला, निकाल दिला याची.

गुलाबाचं किंवा मोगऱ्याचं अत्तर फुलापासून निघतं. पीच किंवा लिचीचं तसं निघत नाही, तो वास प्रयोगशाळेतच जुळवावा लागतो. यावर "म्हणजे केमिकलच ना!" म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी सांगते, गेर्लां या फ्रेंच कंपनीच्या मित्सुको परफ्युममधलं गाजलेलं पीचसुद्धा असंच जुळवलेलं आहे, आणि तो परफ्युम 1919 चा. तर हे फळांचे वास बहुतेक हलके, भराभर उडणारे. पेअर-सफरचंदाची झाक आणणारे काही घटक अ‍ॅसिटेट कुळातले असतात, आणि नेलपॉलिश रिमूव्हरमधला द्रवही बऱ्याचदा त्याच कुळातला. म्हणून पहिल्या मिनिटाला अल्कोहोल आणि नेलपॉलिश आल्यासारखं वाटतं. मग पंधरा-वीस मिनिटं फळ, त्यानंतर फूल, आणि दोन-तीन तासांनी अंगावर जे उरतं तो खरा परफ्युम. गिऱ्हाईक दोन मिनिटांत ठरवतं हे स्वस्त परफ्युम करणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे सगळी रोषणाई दारातच.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. दोन वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका मॉलमध्ये सेल होता. मी चार कागदी पट्ट्यांवर, दोन्ही मनगटांवर आणि शेवटी कोपरात फवारून घेतलं. पाचव्या वासानंतर लिची कुठली आणि साबण कुठला, काही कळेना. काउंटरवरच्या मुलीनं कॉफीच्या बियांची वाटी पुढे केली. त्यानं नाक ताजंतवानं होत नाही, वासांत कॉफीची भर पडते एवढंच. ऑफर आजच संपतेय म्हणाली, म्हणून एक उचलला. घरी बंद खोलीत मारला आणि थेट लहानपणीचं लाल खोकल्याचं औषध आठवलं. दुसऱ्या दिवशी बाटली वहिनीला देऊन मोकळी झाले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनी आली, वाण द्यायला वाकली आणि मंद, किंचित गोडसर, धुतलेल्या कपड्यांसारखा छान वास आला. "काय लावलंयस गं?" तर म्हणते, "अहो ताई, तुम्हीच दिलेलं की!" तिनं तो दुपारी तीनला लावला होता, मला वास आला सात वाजता. मी दुकानातही पहिल्या पाच मिनिटांवर भाळले होते आणि घरी नावं ठेवली तीही पहिल्या पाच मिनिटांवरच.

आता एका फेरीत एकच परफ्युम, एकाच मनगटावर, एकच फवारा. मग दुकानाबाहेर पडायचं, भेळ खायची, गाडी पकडायची. घरचं स्टेशन आलं की हुंगायचं आणि रात्री पोळ्या लाटायच्या आधी पुन्हा एकदा. आवडला तरी खरेदी पुढच्या आठवड्यात. तोवर ती "आजच संपणारी" ऑफर तशीच लटकलेली असते.

दुसरी चूक यापेक्षा घातक, कारण तिचा त्रास इतरांना होतो. "मला वासच येत नाहीये" म्हणून पुन्हा मारायचा. अगं, तुझं नाक सरावलंय, बाकीच्यांचं नाही! शिवाय काही मस्क असे असतात की ते काही जणांच्या नाकाला मुळीच जाणवत नाहीत. शेजारणीला मात्र व्यवस्थित जाणवतात. आमच्यातल्या एका नव्या मुलीनं घरून निघताना मारला, प्लॅटफॉर्मवर मारला आणि सव्वाआठच्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात, सगळ्या एकमेकींच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभ्या असताना, पर्समधून काढून तिसऱ्यांदा मारला. खिडकीतल्या काकूंनी मान वळवली आणि शांतपणे विचारलं, "फणस कुणी कापला गं?" डब्याला हसू आवरेना. ती बिचारी दादरपर्यंत मोबाइलमध्ये तोंड खुपसून होती.

माझा हिशोब तीन फवाऱ्यांचा, ऑक्टोबर हीटमध्ये दोन. शंका आली तर शेजारणीला विचारते, नाकाला नाही.

बाकीच्या चुकांवर फार शाई घालवत नाही. मनगटं एकमेकांवर घासू नका. त्यानं रेणूबिणू मोडत नाहीत, पण ऊब येऊन वरचं फळ आणखी लवकर उडतं. बॉडी मिस्ट म्हणजे अंगावर मारायचा हलका फवारा, त्यात सुगंधी अर्क जेमतेम एक ते तीन टक्के असतो; ओ द पार्फम या दाट प्रकारात साधारण पंधरा ते वीस. मिस्ट घेऊन आठ तासांची अपेक्षा धरायची आणि मग रडायचं, हे बंद करा. त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. पैठणीवर फवारा अजिबात नको, डाग पडतो, जरीचे काठ काळवंडतात. आई कापसाचा फाया ब्लाउजच्या आत खोचायची, तेच बरं. बाटली बाथरूममध्ये नाही, कपाटात, खोक्यासकट. केसांत मोगऱ्याचा गजरा असेल त्या दिवशी लिचीला सुट्टी द्या. आणि रील बघून तीन परफ्युम एकावर एक चढवणाऱ्या मुलींनो, आधी एक तरी नीट ओळखीचा होऊ द्या.

वहिनीची बाटली आता तळाला आलीय. परवा फोनवर विचारत होती, "ताई, न आवडलेली आणखी एखादी आहे का हो?"