घरच्या मसाल्याचं दुकान फोनवर मांडताना

कोल्हापूरकर जिला चटणी म्हणतात, तिला पुण्या-मुंबईत कांदा-लसूण मसाला म्हणतात. तिकडं चटणी म्हटलं की शेंगदाण्याची नाहीतर खोबऱ्याची डोळ्यांपुढं येते. घरगुती मसाल्याचा उद्योग इंटरनेटवर न्यायचा तर पहिला अडथळा हाच असतो: तुम्ही ज्या नावानं माल विकता, त्या नावानं गिऱ्हाईक तो शोधत नाही. म्हणून कुठंही खातं उघडण्याआधी एक कागद घ्या आणि लोक तुमचा माल कोणकोणत्या शब्दांत मागतात ते लिहून काढा. कोल्हापुरी चटणी, कांदा-लसूण मसाला, घरगुती लाल तिखट, मिसळीचा मसाला. फोनवर आलेल्या ऑर्डरी आठवल्या तरी दहा-बारा शब्द सहज निघतील. पुढं प्रत्येक ठिकाणी हेच शब्द लागतात. बरेच लोक मराठी शब्द इंग्रजी लिपीत टाइप करून शोधतात, तेव्हा दोन्ही लिप्यांत लिहून ठेवा.

आता नाव. देवनागरीत ‘श्री’ एकाच तऱ्हेनं लिहितात, इंग्रजीत कुणी शेवटी एक ‘आय’ लावतो, कुणी दोन ‘ई’. पाकिटावर एक स्पेलिंग, इन्स्टाग्रामवर दुसरं आणि गूगलवर तिसरं असलं की शोधणाऱ्याला ही तीन वेगळी दुकानं वाटतात. एक स्पेलिंग ठरवा. ते इन्स्टाग्रामवर आणि डोमेनसाठी, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्यासाठी, मोकळं आहे का ते आधी बघा, आणि मगच लेबल छापायला टाका. हजार लेबलं छापून झाल्यावर नाव बदलणं महागात पडतं.

कागदपत्रं आधी

खाण्याच्या मालाला अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. ती त्यांच्याच फॉसकॉस नावाच्या पोर्टलवर होते आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. तो लेबलवर आणि ऑनलाइनही दिसला पाहिजे. ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी आधारवरून होते आणि ती फुकट आहे. तिच्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. लेबलवर मालाचं नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, सर्व करांसह किंमत, पत्ता, तक्रारीसाठी नंबर आणि चौकोनातला हिरवा ठिपका हवा.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. राज्याबाहेर करपात्र माल विकायचा असेल, तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. कोल्हापूरहून निपाणी जेमतेम चाळीस किलोमीटरवर आहे, बोली तीच, पण राज्य कर्नाटक. गोव्याचंही तसंच. इन्स्टाग्राम तुमची रील बेळगावातही दाखवतं आणि मडगावातही, त्यामुळं पहिल्याच महिन्यात बाहेरची ऑर्डर येऊ शकते. कर सल्लागाराशी आधी बोला. तोवर प्रोफाइलवर ‘सध्या फक्त महाराष्ट्रात पाठवतो’ असं सरळ लिहा.

गूगलवर नोंद

गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे आणि नकाशावर दिसायचं तर तेच लागतं. पण नियम नीट वाचा. गिऱ्हाईक तुमच्याकडं येत असेल किंवा तुम्ही त्याच्या दारात माल पोचवत असाल, तरच ही नोंद करता येते. फक्त कुरिअरनं माल पाठवणाऱ्या उद्योगासाठी ती नाही. घरून काम करणाऱ्या अनेक बायकांना घरचा पत्ता नकाशावर नको असतो. त्यांनी पत्ता लपवावा आणि आपण जिथं माल पोचवतो ते भाग निवडावेत. असे जास्तीत जास्त २० भाग देता येतात. वीसच्या वीस भरायची गरज नाही, जिथं खरंच जाता तेवढेच द्या.

नावाच्या रकान्यात फक्त नाव लिहा. ‘अमुक मसाले – कोल्हापुरातील सर्वोत्तम कांदा-लसूण मसाला’ असं लांबवलं की प्रोफाइल बंद होण्याची भीती असते, आणि बंद झालेलं प्रोफाइल परत मिळवायला फार खेटे घालावे लागतात. शोधाचे शब्द वर्णनात घाला, तिथं ७५० अक्षरांची जागा आहे. पहिल्या दोन वाक्यांत काय बनवता, कुठं बनवता आणि ऑर्डर कशी द्यायची हे येऊ द्या.

पडताळणीसाठी बहुधा व्हिडिओ मागतात. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. व्हिडिओ एका दमात, न कापता काढायचा. गल्लीतली पाटी किंवा शेजारची ओळखीची खूण यापासून सुरुवात करा, दारापर्यंत या, कुलूप स्वतः उघडा, आत भरलेले डबे, वजनकाटा, सीलिंग मशीन, लेबलांचा गठ्ठा दाखवा. जागा कुठं आहे, धंदा खरा आहे आणि तो तुमच्याच ताब्यात आहे, या तीन गोष्टी त्यातून दिसल्या पाहिजेत. माणसांचे चेहरे आणि बँकेची कागदपत्रं टाळा. मोकळ्या खोलीत नुसतं एक पाकीट हातात धरून काढलेला व्हिडिओ नापास होतो.

लाल रंगाचा फोटो

मसाल्याचा फोटो काढणं भाजीच्या फोटोपेक्षा अवघड आहे. लाल रंग फोनच्या कॅमेऱ्यात लवकर भडकतो. मग कण, तेलाची चमक, तीळ काही दिसत नाही, नुसता लाल डाग दिसतो. पिवळ्या दिव्याखाली तोच मसाला नारिंगी येतो आणि गिऱ्हाईक विचारतं, रंग घातलाय का? उपाय सोपा आहे. सकाळी खिडकीजवळ, थेट ऊन येणार नाही अशा जागी बसा. दिवे बंद करा. लेन्स कापडानं पुसा, कारण कांडपाच्या दिवसांत तिच्यावर तेलकट बोटं लागलेली असतातच. पडद्यावर मसाल्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड पक्का होतो, मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा. कण दिसायला लागले की थांबा. स्टीलचं ताट चकाकतं. त्याऐवजी पितळी वाटी, लाकडी पाट किंवा सूप घ्या. फिल्टर लावू नका. पाकीट फोडल्यावर रंग वेगळा निघाला तर तो फोटो तुमच्यावरच उलटतो.

सुरुवातीला दहा फोटो पुरतात. पाकीट समोरून, लेबलची मागची बाजू वाचता येईल अशी, चमच्यातला मसाला जवळून, पाव किलो आणि एक किलोची पाकिटं हातात धरून (आकार कळतो), देठ काढलेल्या मिरच्या, वाळलेला कांदा, भाजलेलं खोबरं, डंक (मसाला कुटायचं यंत्र), पॅकिंग करताना हात, आणि त्या मसाल्याचा तांबडा रस्सा.

व्हॉट्सॲपवर गल्ला

गूगलवर लोक शोधतात, इन्स्टाग्रामवर बघतात, पण ऑर्डर देतात व्हॉट्सॲपवर. त्यामुळं सगळ्यात जास्त मेहनत इथं घ्या. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करा. एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही. सिम मुलाच्या किंवा पुतण्याच्या नावावर नको, ज्याचा धंदा त्याच्याच नावावर हवं. रिचार्ज संपू देऊ नका. नंबर बंद पडला तर छापलेली सगळी पाकिटं खोटी ठरतात. सहा अंकी पिनची दुहेरी पडताळणी पहिल्याच दिवशी लावा.

कॅटलॉगमध्ये प्रत्येक वजन वेगळी वस्तू म्हणून टाका: पाव किलो, अर्धा किलो, एक किलो. प्रत्येकासमोर किंमत लिहा. ‘दरासाठी मेसेज करा’ ही सवय मोडाच. दर लपवला की गिऱ्हाईकाला वाटतं, माणूस बघून भाव सांगतात, आणि ते पुढच्या दुकानाकडं वळतं. तुमचा मसाला शेजारच्यापेक्षा महाग असेल तर का ते तिथंच लिहा: ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी तिखटपणाला, कांदा उन्हात वाळवलेला, मीठ किती. चांगल्या मालाचे पैसे द्यायला लोक तयार असतात; त्यांना कारण कळायला हवं.

ठरलेली उत्तरं ‘क्विक रिप्लाय’मध्ये साठवा. तीन पुरतात. दर, ऑर्डरसाठी लागणारी माहिती आणि पाठवल्याचा निरोप. ऑर्डरचा मजकूर साधारण असा ठेवा: “नमस्कार! ऑर्डरसाठी कृपया कळवा: १) कुठला मसाला, किती वजन २) पूर्ण नाव ३) पत्ता, पिनकोडसह ४) दुसरा फोन नंबर. एकूण रक्कम पोस्टाच्या खर्चासह सांगतो. पैसे मिळाल्यावर दोन दिवसांत पार्सल निघेल.” पिनकोड आणि दुसरा नंबर मागायचा राहिला की पार्सल परत येतं आणि दोन्हीकडचा खर्च तुमच्या डोक्यावर बसतो.

व्हॉट्सॲपवर प्रत्येक गिऱ्हाईकाच्या चॅटला लेबलं लावा: ‘पैसे यायचे’, ‘पाठवायचं’, ‘पाठवलं’, ‘पोचलं’. दिवसाला पाच ऑर्डरी असतात तोवर सगळं डोक्यात राहतं, एप्रिलमध्ये पंचवीस झाल्या की नाही.

ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच निरोप अनेकांना एकदम पाठवायच्या यादीत, २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. म्हणून पार्सलमध्ये चिठ्ठी घाला: ‘नवीन मसाला तयार झाला की कळवू, हा नंबर सेव्ह करा.’ न विचारता लोकांना ग्रुपमध्ये ओढू नका. चार जणांनी तक्रार केली तर नंबरच बंद होऊ शकतो. महिन्याला दोन निरोप भरपूर झाले.

पोस्टाचा खर्च कॅटलॉगमध्ये आधीच लिहा आणि तो पॅक केलेल्या वजनावर काढा. स्पीड पोस्टाचा दर ५०० ग्रॅमला बदलतो. अर्धा किलो मसाला खोक्यासकट ५०० च्या वर जातोच, म्हणजे दर पुढच्या टप्प्याचा. इथं बरेच नवखे आपल्या खिशातून भरतात. मसाल्याला तेल सुटतं, तेव्हा जाड पाउच, त्यावर दुसरी पिशवी आणि मग खोकं.

इन्स्टाग्राम

परिचयाला (बायोला) १५० अक्षरं मिळतात. त्यात काय, कुठून, कुठं पाठवता आणि व्हॉट्सॲपची लिंक एवढंच. वरच्या नावाच्या रकान्यातले शब्द शोधात येतात, म्हणून दुकानाच्या नावापुढं ‘कांदा-लसूण मसाला’ लिहा. गूगलवर जे चालत नाही ते इथं चालतं. दर, ऑर्डरची रीत आणि मसाला बनतानाचा व्हिडिओ, या तीन पोस्ट वर पिन करा.

रील्ससाठी नाचगाण्याची गरज नाही. डंकाचा ठोका, मिरचीचे देठ खुडणारे हात, कढईत तडतडणारे धणे: हेच लोक थांबून बघतात. पहिल्या दोन सेकंदांत काम दिसू द्या, नावाची पाटी शेवटी. आवाज डंकाचाच ठेवा, कारण व्यावसायिक खात्यांना सिनेमाची गाणी बहुधा वापरता येत नाहीत. आठवड्याला दोन रील्स वर्षभर टाकणं हे महिनाभर रोज टाकून गप्प होण्यापेक्षा चांगलं. कांडपाच्या दिवसांत एकदाच तास-दीड तासाचं चित्रण करून ठेवा, पावसाळाभर पुरतं.

अभिप्राय

पार्सल पोचल्यावर लगेच अभिप्राय मागू नका. आठ दिवस जाऊ द्या, एक-दोनदा आमटी होऊ द्या, मग गूगलची लिंक पाठवा. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देणं गूगलच्या नियमात बसत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी पाच तारे दिले की ते गाळले जाण्याचा संभव असतो. वाईट अभिप्रायाला उत्तर द्याच, पण भांडू नका. “तिखट जास्त लागलं याचं वाईट वाटलं. मध्यम तिखट प्रकारही आहे, पुढच्या वेळी तो पाठवतो,” एवढं पुरे. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढचं गिऱ्हाईक वाचतं.

संकेतस्थळ आणि जाहिरात

गूगल पूर्वी प्रोफाइलबरोबर फुकट संकेतस्थळ द्यायचं. मार्च २०२४ मध्ये ते बंद झालं आणि ज्यांनी तोच पत्ता पाकिटावर छापला होता त्यांची पंचाईत झाली. म्हणून निदान एक डोमेन स्वतःचं घ्या. सुरुवातीला एक पान पुरतं: मसाले, दर, फोटो, परवाना क्रमांक, व्हॉट्सॲपचं बटण. डोमेन तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर नोंदलेलं आहे याची स्वतः खात्री करा. पान बनवून देणाऱ्यानं ते स्वतःच्या नावावर घेतलं, तर पुढं तो म्हणेल तो भाव.

पैसे देऊन जाहिरात सगळ्यात शेवटी. कॅटलॉग भरलेला नसताना ‘बूस्ट’चं बटण दाबलं तर लाइक येतात, ऑर्डरी येत नाहीत. केलीच तर दिवसाला शंभर-दोनशे रुपये, पाच दिवस, उद्देश ‘व्हॉट्सॲप मेसेज’, भाग एकच शहर.

मोठी ऑर्डर आणि क्यूआर

नवीन खात्यावर हमखास एक फोन येतो: सैन्यातून बोलतोय, कँटीनसाठी वीस किलो हवाय, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. हे दोन्ही पैसे देताना वापरतात. पैसे आल्याचा स्क्रीनशॉटही खोटा असू शकतो, म्हणून बँकेच्या खात्यात रक्कम बघूनच पार्सल बांधा. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं कठीण.

वर्षाची चटणी लोक मार्च ते मे या दिवसांत करून ठेवतात. त्यामुळं ही सगळी मांडामांड जानेवारीत सुरू करून फेब्रुवारीअखेर संपवा. पहिल्या ऑर्डरीपासून प्रत्येक नव्या गिऱ्हाईकाला ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ असं विचारा आणि वहीत चार रकाने करून नोंदवा: गूगल, इन्स्टाग्राम, कुणीतरी सांगितलं, पाकीट बघून. जूनमध्ये वही उघडली की पावसाळ्यात वेळ कुठं घालायचा ते कळेल.