जुन्या दुनियेत परत जायचंय? मग या चुका टाळा

मॅजिक द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ खेळणारी चार पोरं एका टेबलावर बसवा आणि नुसतं विचारा की पुढचा सेट (म्हणजे नवीन कार्डांचा संच, तो कुठल्यातरी काल्पनिक दुनियेत घडतो) नव्या दुनियेत पाहिजे का जुन्याच एखाद्या दुनियेत परत, चहा गार होतो पण भांडण मिटत नाई. एक जण रॅव्हनिका रॅव्हनिका करायलाय, दुसरा म्हणतो किती वेळा तेच ते, तिसऱ्याला २००७ पासून लॉरविनच पाहिजे होतं. आणि आता हे भांडण जास्त तापलंय कारण जागाच कमी झाल्यात. २०२५ मध्ये स्टँडर्डचे (म्हणजे फक्त अलीकडच्या सेटच्या कार्डांनी खेळायच्या प्रकाराचे) सहा मोठे सेट आले, त्यातले तीन तर दुसऱ्यांच्या दुनियेतले, फायनल फँटसी, स्पायडरमॅन आणि अवतार. मॅजिकच्या स्वतःच्या दुनियांना उरले तीन. मग त्यातला एक वाया गेला की लोक लई चिडतात, आणि बरोबरच आहे.

माझं म्हणाल तर परत जावं, बिनधास्त जावं. पण लोकांना त्या दुनियेचा नकाशा आठवत नसतो, तिथं बसून हातातली कार्डं कशी खेळायचो ते आठवत असतं, आणि सगळ्या चुका हे विसरल्यामुळं होतात. खाली जे लिहिलंय ते नुसतं कमेंटमध्ये भांडणाऱ्यांसाठी नाई, जे घरी स्वतःची कार्डं बनवायलेत त्यांनापण लागू आहे, त्यांच्यासाठी शेवटी वेगळं लिहिलंय.

चूक: नुसत्या नावावर परत जाणं

रॅव्हनिका म्हणजे अख्खी दुनिया एकच शहर आणि त्यात दहा गिल्ड (संघटना), प्रत्येक गिल्ड मॅजिकच्या पाच रंगांपैकी दोन रंगांचं. २००५ ला ती पहिल्यांदा आली तेव्हाचं लायटनिंग हेलिक्स घ्या. एक लाल माना, एक पांढरा माना (माना म्हणजे कार्ड खेळायची किंमत, ती लँड म्हणजे जमिनीच्या कार्डांतून मिळते), समोरच्याला तीन डॅमेज आणि आपल्याला तीन लाइफ. लालचा तडाखा आणि पांढऱ्याची मलमपट्टी एकाच कार्डात, गोष्ट कोणी सांगायची गरजच नाई, कार्ड वाचलं की बोरॉस गिल्ड कळलं. २०१२ ला परत गेले, २०१८-१९ ला परत गेले, दोन्ही वेळा दहाच्या दहा गिल्ड मधोमध, आणि लोकांनी दोन्ही वेळा आपापलं गिल्ड धरून डेक बनवले.

मग फेब्रुवारी २०२४ ला मर्डर्स ॲट कार्लोव्ह मॅनर आला. जागा रॅव्हनिकाच, पण विषय खून आणि तपास, जो तो डिटेक्टिव्हची टोपी घालून उभा. तीन माना देऊन कार्ड उलटं ठेवा, ते २/२ चं (ताकद दोन, सहनशक्ती दोन) होतं आणि त्याला वॉर्ड दोन (समोरच्याने त्यावर नेम धरला तर दोन माना जास्त द्यायचे), नंतर योग्य वेळी सरळ करा. क्लू टोकन जमवा, दोन माना देऊन फोडा, एक कार्ड ओढा. ड्राफ्टला (पाकिटं फोडून एकेक कार्ड निवडत तिथंच डेक बनवायच्या खेळाला) सेट वाईट नव्हता हे मीपण मानतो, उलटं कार्ड कोणतं असंल हे ओळखण्यात मजा होती. पण यात रॅव्हनिका कुठंय? क्लू तर २०१६ ला इनिस्ट्रॅड नावाच्या दुसऱ्याच दुनियेत आलेले. गिल्ड गेले मागच्या बाकावर, आणि ज्याने पहिल्यांदाच रॅव्हनिका बघितलं त्याला हे गिल्डांचं शहर आहे हे कळायचं पण कारण नव्हतं.

तपासायला एक सोपा उपाय आहे. सेटमधली कोणतीपण दहा कॉमन (साधी, सहज मिळणारी) कार्डं घ्या, नाव आणि चित्र झाका, खालचा मजकूर तेवढा मित्राला वाचायला द्या आणि विचारा ही कुठली कार्डं आहेत. तो जर सरळ दुसऱ्याच दुनियेचं नाव घ्यायला लागला तर तुम्ही परत गेलेलाच नाईत.

चूक: व्हिलनच्या नादात गाव विसरणं

झेंडिकारचं असंच झालं. २००९ चं पहिलं झेंडिकार म्हणजे साहस, सापळे, नकाशे आणि जमीन. स्टेप लिंक्स नावाचं एक मांजर होतं, एक माना, ०/१, म्हणजे हसण्यावारी न्यावं असं. पण लँड टाकली की त्या टर्नपुरतं +२/+२. आता फेच लँड टाका, ती आली म्हणून एकदा, ती फोडून दुसरी लँड आणली म्हणून परत एकदा, दुसऱ्याच टर्नला ४/५ चं मांजर समोरच्याच्या अंगावर. इतर सेटमध्ये लँड टाकणं म्हणजे हजेरी लावल्यासारखं काम, इथं लँड ओढली की पोरं खुश व्हायची. झेंडिकार म्हणजे हेच.

एल्ड्राझी नावाचे ते अवाढव्य राक्षस त्या वेळी तिसऱ्या सेटमध्ये जागे झाले, ते पण लई आवडले लोकांना, म्हणून मग २०१५ ला बॅटल फॉर झेंडिकारमध्ये सगळीकडं तेच. लँडफॉल (लँड टाकली की फायदा) होतं, नाई असं नाई, पण अर्धा सेट समोरच्याची कार्डं एक्झाइलला (खेळाबाहेर) टाकणं आणि तिथून परत ग्रेव्हयार्डमध्ये (वापरलेल्या कार्डांच्या ढिगात) ढकलून फायदा काढणं यातच गेला. साहस करायला दुनियाच शिल्लक नाई, नुसती लढाई. २०२० ला झेंडिकार रायझिंगमध्ये हे दुरुस्त केलं, क्लेरिक, रोग, वॉरियर, विझार्ड अशी चौघांची पार्टी, लँडफॉल जोरात, आणि एका बाजूला स्पेल (जादू) दुसऱ्या बाजूला लँड अशी कार्डं, म्हणजे परत सगळा खेळ जमिनीभोवती.

टार्कीरवर तर गोष्टीनेच घात केला. २०१४ ला पाच कुळं आली, प्रत्येकी तीन रंगांची, लोकांनी आपापलं कूळ निवडलं, आणि सहा-सात महिन्यात २०१५ च्या सेटमध्ये काळ असा बदलला की खान (कुळांचे सरदार) गेले आणि ड्रॅगन राज्य करायलेत. ड्रॅगन कोणाला आवडत नाईत? पण ज्याने अबझान कुळाचा डेक मन लावून बनवला त्याचं कूळच इतिहासातून पुसलं ना राव. २०२५ च्या ड्रॅगनस्टॉर्ममध्ये कुळं परत आणली आणि ड्रॅगन पण ठेवले. दहा वर्षं लागली एवढ्याला.

चूक: सेट पडला म्हणून दुनियाच वाईट ठरवणं

ही सगळ्यात महागडी चूक, आणि ही खेळणारेपण करतात. कामिगावा २००४ ला आलं, जपानी कथांवर आधारलेलं, देवता आणि माणसांचं युद्ध. सेट चालला नाई. मग कितीतरी वर्षं उत्तर एकच, कामिगावा नको, लोकांना आवडत नाई. आता जरा बारकाईने बघा काय बिघडलं होतं. स्प्लाइस नावाचं मेकॅनिक (खेळायचा खास नियम) होतं, एक आर्केन जातीचा स्पेल खेळताना हातातल्या दुसऱ्या कार्डाचा मजकूर त्याला जोडायचा, कल्पना झकास, पण आर्केन स्पेल त्या तीन सेटच्या बाहेर नाईतच, म्हणजे तुमच्या जुन्या डेकमध्ये ते कार्ड टाकून उपयोग शून्य. दुसरं म्हणजे त्याच्या आधी आलेलं मिरोडिन एवढं जोरात होतं की मार्च २००५ ला आर्टिफॅक्ट (यंत्रं, वस्तू) प्रकारच्या लँडसकट आर्कबाउंड रॅव्हेजर हे कार्ड स्टँडर्डमध्ये बॅन करावं लागलं. अशा शेजाऱ्यापुढं कोणतापण सेट मवाळच दिसणार. यात त्या दुनियेचा काय दोष?

२०२२ ला निऑन डायनेस्टी आला, गोष्टीत १२०० वर्षं पुढं, मोठमोठे यंत्रमानव, निऑनच्या पाट्या, आणि तो एवढा चालला की जे नको म्हणायचे तेच आता तिसऱ्यांदा कधी विचारायलेत. त्यातलं एक कार्ड मला परत जाण्याचा वस्तुपाठ वाटतं, बोसेजू. २००४ ला बोसेजू ही लँड म्हणजे एक जुनं झाड, दोन लाइफ देऊन त्यातून माना काढला आणि तो इन्स्टंट किंवा सॉर्सरी या प्रकारच्या स्पेलला वापरला की तो स्पेल कोणी काउंटर (रद्द) करू शकत नव्हतं, झाड आसरा द्यायचं. २०२२ चं बोसेजू तेच झाड, पण आता शहर त्याच्या मुळापर्यंत आलंय, आणि ही लँड हातातून टाकून दिली की समोरच्याचं आर्टिफॅक्ट, एन्चांटमेंट (टेबलावर टिकून राहणारी जादू) नाईतर साधी नसलेली लँड फोडते. आणि हे हातातून टाकून वापरायचं चॅनल मेकॅनिक कुठलं? २००५ च्या कामिगावाचंच. जुनं उचललं, पण जे चालत होतं तेवढंच उचललं.

म्हणून एखादी जुनी दुनिया नाव काढताच नको वाटत असंल तर आधी तक्रार सुटी करा. गोष्ट आणि चित्रं आवडली नव्हती, का मेकॅनिक अडकत होतं, का त्या वर्षी शेजारचा सेट जास्त भारी होता? पहिलं असंल तर नका जाऊ. बाकी दोन्ही दुरुस्त होतात.

चूक: जुनं मेकॅनिक अर्धवट बदलणं

इनिस्ट्रॅडचे लांडगे. २०११ ला नियम असा, एखाद्या टर्नमध्ये कोणीच स्पेल खेळला नाई की माणसाचं कार्ड उलटून लांडगा. २०२१ ला मिडनाइट हंटमध्ये यासाठी दिवस-रात्र आणली, अख्ख्या गेमला एकच दिवस नाईतर रात्र, आणि नवीन लांडगे त्यावर उलटतात. वाचायला सुटसुटीत. पण जुने लांडगे जुन्याच नियमावर राहिले. आता ज्याचा कमांडर (जुनी-नवी कार्डं एकत्र चालणारा खेळाचा प्रकार) डेक दोन्ही पिढ्यांच्या लांडग्यांचा, त्याच्या टेबलावर रात्र झालेली असते तरी जुना लांडगा माणूसच बनून बसलेला, आणि दर टर्नला दोन वेगवेगळे हिशोब. ज्यांच्यासाठी परत गेलात त्यांच्याच डेकमध्ये गोंधळ! एक तर जुनं तसंच ठेवा, नाईतर नवीन पूर्ण वेगळं करा, सारखं दिसणारं पण न जुळणारं तेवढं नको.

अजून काही, पटापट

आठवणींचा मारा करू नका. २००६ चा टाइम स्पायरल म्हणजे जुन्या कार्डांचे इशारेच इशारे, मुरलेली मंडळी जाम खुश आणि नवीन पोरगं प्रत्येक कार्डाला विचारायलंय की यात हसण्यासारखं काय होतं.

रबिया स्केलला निकाल समजू नका. मार्क रोझवॉटर, मॅजिकचे हेड डिझायनर, कोणत्या दुनियेत परत जायची किती शक्यता ते १ ते १० मध्ये सांगतात, १ म्हणजे नक्की आणि १० म्हणजे जवळपास कधीच नाई. नाव पडलंय १९९३ च्या अरेबियन नाइट्स सेटमधल्या रबियावरून, ती दुनिया खऱ्या जगातल्या कथांमधून आलेली म्हणून तिकडं परत जाणं अवघड. लोक आकडा बघून वाद संपवतात, पण तो अंदाज आहे, कामिगावाचं काय झालं ते वर बघितलंच.

किती वर्षांनी जावं याचा काही नियम नाई. कामिगावाला १७ वर्षं लागली, इनिस्ट्रॅड पाच-पाच वर्षांनी येतंय आणि खपतंय.

आणि चालता चालता डोकावून येऊ नका. हे आपल्याला जास्त लागतं कारण कालादेश ही भारतावरून घेतलेली दुनिया, २०१६ ला आली तेव्हा दागिन्यांसारखी नक्षीदार यंत्रं, शोध लावणाऱ्यांची जत्रा, चंद्रा नावाच्या आगवाल्या जादूगारणीचं घर, सगळं बघून छाती फुगलेली. २०२५ ला ईथरड्रिफ्टमध्ये ती अविष्कार या नावाने परत आली, पण एका शर्यतीचा टप्पा म्हणून, अमोनखेत आणि मुरागांडा सोबत, तीन दुनिया एका सेटमध्ये. गाड्या सुसाट, बाजूला गाव मागं पडतंय. अर्धं परत जाणं मला न जाण्यापेक्षा वाईट वाटतं, कारण आता पूर्ण सेटसाठी परत नंबर कधी लागणार?

घरी सेट बनवणाऱ्यांसाठी

आमच्या संभाजीनगरच्या ग्रुपमधला एक भाऊ देवगिरीवर स्वतःची कार्डं बनवायलाय. पहिला सेट यादवांच्या काळातला, आणि त्यातलं एक मेकॅनिक सगळ्यांना आवडलं, अंधारी, किल्ल्यातल्या काळोख्या वाटेवरून घेतलेलं. किल्ला ज्याचा आहे तो तीन कार्डं उलटी मांडतो, हल्ला करणाऱ्याने एकेक सरळ करत पुढं यायचं, खऱ्या अंधारीत जसं पुढच्या वळणावर काय आहे ते दिसत नाई तसं. आता त्याला दुसरा सेट करायचाय, १३२७ चा, म्हणजे मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून इकडं आणली आणि देवगिरीचं दौलताबाद झालं तेव्हाचा.

काळ पुढं नेला हे एकदम बरोबर. पण यादीत त्याने अंधारी काढून टाकलेली, कारण म्हणे तेच ते नको, आणि मेंढा तोफ घातलेली कारण ती भारी दिसते. तोफ औरंगजेबाच्या काळातली आहे राव, ती तिसऱ्या सेटला ठेव. अंधारी राहू दे, फक्त बाजू बदल. आता किल्ला राखणारे नवीन आलेत, दिल्लीहून थकून आलेली माणसं, त्यांनाच वाट माहीत नाई. तर या वेळी किल्लेदारालापण स्वतःची उलटी कार्डं बघता येत नाईत असा नियम करून बघ. एवढ्या एका बदलाने जुना डेकपण चालतो आणि खेळ नवीन वाटतो.

छापायच्या बाबतीत, कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटरचं, ए-फोरवर बरोबर नऊ बसतात. अख्खा सेट एकदम छापायला औरंगपुऱ्यात झेरॉक्सवाल्याकडं पळू नका, आधी दोनच शीट काढा, अठरा कार्डं, त्यात निम्मी जुन्या सेटची. साध्या कागदाचं कार्ड मागून आरपार दिसतं, आणि अंधारीसारख्या खेळात ते चालणार नाई, म्हणून मागची बाजू काळी असलेल्या स्लीव्हमध्ये घाला. मग ज्याने पहिला सेट खेळलाच नाई असा एक जण आणि ज्याने झिजेपर्यंत खेळलाय असा एक जण, दोघांना समोरासमोर बसवा आणि तुम्ही तोंड बंद ठेवा. नवीन माणूस तिसऱ्या टर्नपर्यंत पण नियम विचारायलाय तर मजकूर कमी करा, जुना माणूस कार्ड न वाचताच खेळायलाय तर अजून काहीतरी बदला.