गडद रंगाच्या गाडीवर पाण्याचे पांढरे डाग पडू नयेत म्हणून

खानदेशात उन्हाळा संपल्यावर कूलरच्या जाळ्या उघडल्या, की त्यांतल्या गवतावर पांढरा, खरखरीत थर बसलेला दिसतो. गाडी धुतल्यावर तिच्या पत्र्यावर उमटणारे ठिपके म्हणजे तोच थर असतो. पांढऱ्या गाडीवरही तो तितकाच बसतो, फक्त तिथे तो डोळ्यांना दिसत नाही. काळ्या, गडद निळ्या किंवा मरून रंगाच्या गाडीवर मात्र दोन हातांवरूनही ओळखू येतो.

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जाते, क्षार जागेवरच राहतो. एक लिटर पाण्यात १००० मिलिग्रॅम क्षार असतील आणि धुतल्यानंतर गाडीवर पाव लिटर पाणी तसेच सुकले, तर साधारण पाव ग्रॅम क्षार पत्र्यावर पसरतो. काळा रंग ऊन शोषून घेतो, त्यामुळे हे सुकणे फार झपाट्याने होते. मे महिन्यात सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या गाडीच्या बॉनेटवर सुकणारा एक थेंब मी मुद्दाम उभा राहून पाहिला आहे: आधी त्याच्या काठावर बारीक पांढरे कडे उमटले, मग मधले पाणी पातळ होत होत नाहीसे झाले आणि कडे तेवढे उरले. म्हणून महागडा शाम्पू आणण्यापेक्षा पाणी गाडीवर सुकू न देणे हे कितीतरी महत्त्वाचे आहे. पाणी पुसून काढायचे असते, वाळवायचे नसते.

वेळ निवडताना अंगणातल्या सावलीवर विसंबू नये. गाडी उन्हातून आलेली असेल, तर सावलीतही तिचा पत्रा बराच वेळ तापलेला राहतो. तळहाताची मागची बाजू बॉनेटवर टेकवून पाहावी आणि ती गार लागली तरच पाणी घ्यावे. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो त्या दिवसांत सूर्योदयाच्या आसपासची वेळ सर्वांत चांगली.

पाण्याबाबत एक चूक अगदी चांगल्या हेतूने केली जाते. पाणी वाया जाऊ नये म्हणून घरच्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी बादलीत साठवून त्याने गाडी धुतात. पाणी वाचवण्याची ही तळमळ मला मनापासून पटते. परंतु पिण्याच्या पाण्यातून वेगळा काढलेला क्षार नेमका याच पाण्यात उतरलेला असतो, म्हणजे ते नळाच्या पाण्यापेक्षाही जड असते. ते फरशी पुसायला वापरावे, गाडीला नको. याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतल्या बाष्पाचे असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतो. ते किंवा पावसाचे पाणी (पहिल्या सरींचे धुळीचे पाणी सोडून) फडक्यातून गाळून ठेवावे. असे चार-पाच लिटर पाणी शेवटच्या धुण्यासाठी पुरते.

आधी चाके धुवावीत, नाहीतर त्यांचे शिंतोडे स्वच्छ पत्र्यावर उडतात. मग टपापासून खाली पाणी सोडून धूळ निघून जाऊ द्यावी. काळ्या मातीची धूळ कोरड्या फडक्याने कधीही झटकू नये, तिच्यातल्या कणांनी रंगावर ओरखडे उठतात. शाम्पूच्या पाण्याची एक आणि हातमोजा खळबळण्याची एक, अशा दोन बादल्या घ्याव्यात. संपूर्ण गाडीला एकदम फेस लावू नये, कारण पहिल्या दारापर्यंत परत येईतो तिथला फेस सुकलेला असतो आणि त्याचाही डाग पडतो. एक भाग चोळावा, लगेच धुवावा आणि आधी धुतलेल्या भागांवर अधूनमधून पाणी मारून ते ओले ठेवावेत.

शेवटी पाईपचे नोझल काढून टाकावे आणि मंद धार टपाच्या मध्यावरून सोडावी. फवाऱ्याने हजारो थेंब मागे राहतात. सलग धार मात्र पाण्याची चादर होऊन घसरते आणि बरेचसे पाणी आपल्याबरोबर ओढून नेते. त्यानंतर साठवलेले क्षारविरहित पाणी झारीने वरून फिरवावे.

पुसण्यासाठी जाड मायक्रोफायबरचे मोठे कापड घ्यावे. ते पत्र्यावर पसरून, दोन टोके धरून अलगद आपल्याकडे ओढावे, घासू नये. टप, काचा, बॉनेट, डिकी आणि शेवटी दारे असा क्रम ठेवावा. कापड चिंब झाले की पिळत बसण्यापेक्षा दुसरे घ्यावे. आरसे, दारांच्या मुठी, नंबर प्लेट आणि पेट्रोलच्या झाकणाची फट यांत दडलेले पाणी दहा मिनिटांनी ओघळून येते व नेमके तेच डाग पाडते, म्हणून दारे एकदा उघडून-लावून या जागा पुन्हा टिपाव्यात. वॅक्स लावलेल्या गाडीवर पाणी सहज घसरते, पण जे उरते ते टपोऱ्या थेंबांच्या रूपात उरते, त्यामुळे तिथेही पुसणे टळत नाही.

डाग पडलेच असतील, तर पांढरे व्हिनेगर आणि तितकेच डिस्टिल्ड पाणी एकत्र करून त्यात भिजवलेले कापड गार पत्र्यावर एक मिनिट ठेवावे, नंतर ती जागा शाम्पूने नीट धुऊन कोरडी करावी. केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्यांमध्ये साचलेला क्षार शेतकरी आम्ल सोडून काढतात, ते पाहून कोणी तेच आम्ल किंवा संडास साफ करण्याचे द्रावण गाडीवर लावू नये. त्याने रंगावरचा पारदर्शक थरच खराब होतो. व्हिनेगरनेही जे कडे जात नाही आणि नखाला किंचित खोलगट लागते, ते त्या थरात उतरलेले असते. त्यावर पॉलिशचाच उपाय उरतो आणि प्रत्येक पॉलिशबरोबर तो थर थोडा झिजतो, म्हणून ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.