मोरपंखी कुंडीत कशी जगवायची

शाळेत वहीत जपून ठेवायचो ती "विद्या" म्हणजे हीच मोरपंखी. नर्सरीत थुजा म्हणतात, मूळची चीन-कोरियाकडची, पण सूचिपर्णी झाडांत आपला उन्हाळा सोसणारी. तरी खूप जणांकडे मरते, कारण ती हॉलमध्ये ठेवतात नाहीतर रोज पाणी घालतात.

हिला रोज 5-6 तास ऊन लागतंच, त्यामुळे गॅलरी किंवा गच्ची. मे महिन्यात दुपारपुरती ग्रीन नेट लावली की झालं. आत ठेवायला काहीतरी हवंच असेल तर अरॉकेरिया घ्या, नर्सरीवाले ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात ते. भरपूर उजेडाच्या खिडकीशी, एसीच्या झोतापासून लांब, आणि दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवायची नाहीतर झाड खिडकीकडे झुकतं. जुनिपर (हेही सूचिपर्णीच) मात्र घरात ठेवू नका, काही महिन्यांत जातं.

रोप आणलं की आधी पिशवीतली माती बघा. बऱ्याचदा चिकट मातीचा घट्ट गोळा असतो, तो तसाच कुंडीत लावला की कडेची माती ओली होते आणि गोळा आतून कोरडाच राहतो, आपल्याला वाटतं पाणी तर घालतोय. म्हणून गोळा बादलीत अर्धा तास बुडवा, कडेकडेची माती हलक्या हाताने सोडवा, मुळं तोडू नका. कुंडीत दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग जाड वाळू, आणि तळाची भोकं मोकळी. पाणी वरची दोन इंच माती सुकल्यावरच, पण घालाल तेव्हा खालून निघेपर्यंत. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुळस, जास्वंद पाणी कमी पडलं की मान टाकतात, आपल्याला लगेच कळतं. मोरपंखी मान टाकत नाही. मुळं सडली तरी काही आठवडे हिरवीच दिसते आणि तपकिरी पडते तेव्हा उशीर झालेला असतो. माझी पहिली दोन अशीच गेली, फार वाईट वाटलं होतं. म्हणून बोट पानांना नाही, मातीत घाला.

आतल्या बाजूची जुनी पानं वाळणं नॉर्मल आहे. पण बाहेरची पानं धुरकट, मळकट दिसायला लागली की फांदीखाली पांढरा कागद धरून झटका, बारीक ठिपके चालताना दिसले तर लाल कोळी ही कीड. उन्हाळ्यात कोरड्या हवेत हमखास येतो. तीन-चार दिवसांनी एकदा सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड आतून-बाहेरून धुवायचं, नाहीच गेला तर संध्याकाळी लिटरला 5 मिली नीम तेल, चार थेंब लिक्विड सोप.

छाटणी फक्त हिरव्या शेंड्यांची. जुन्या उघड्या लाकडापर्यंत कापलं तर तिथे सहसा परत फूट येत नाही, ते भोक तसंच राहतं.