कॅलमॅग टाकायच्या आधी कुठलं पान बिघडलंय ते बघा

पान पिवळं दिसलं की लगेच कॅलमॅग, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं खत, ओतू नका. आधी बघा, जुनं पान की नवीन? मॅग्नेशियम झाडाच्या आत फिरतं, कमी पडलं की झाड खालच्या जुन्या पानांतून काढून वरच्या पानांना देतं, त्यामुळे खालची पानं शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी दिसायला लागतात. कॅल्शियम एकदा जिथे बसलं तिथून हलत नाही, म्हणून त्याची कमतरता कोवळ्या पानांवर दिसते, ती वाकडी येतात, कडा करपतात, आणि टोमॅटोचा खालचा भाग काळा पडतो.

मग पाणी बघा. आरओच्या पाण्यात दोन्ही जवळपास नसतातच, तिथे टाकावंच लागतं. बोअरचं पाणी जड असेल तर कॅल्शियम आधीच भरपूर असू शकतं, वरून कॅलमॅग टाकलं की मॅग्नेशियमच आणखी मागे पडतं, कारण मुळं दोन्ही घेताना त्यांची चढाओढ असते. पोटॅश जास्त झालं तरी तेच होतं.

हायड्रोपोनिक्सला (मातीशिवाय, खताच्या पाण्यावर वाढवताना) साधारण कॅल्शियम 150 ते 200 पीपीएम (लिटरला तेवढे मिलिग्रॅम) आणि मॅग्नेशियम 40 ते 50 धरा, म्हणजे चारास एक. आरओच्या एका लिटरला 1 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट टाकलं की अंदाजे 190 पीपीएम कॅल्शियम मिळतं, अर्धा ग्रॅम एप्सम सॉल्टने (मॅग्नेशियम सल्फेट) 49 मॅग्नेशियम. पण हा एकूण आकडा आहे हां, तुमच्या मूळ खतात जे आहे ते यातून वजा करायचं, आणि कॅल्शियम नायट्रेटबरोबर 155 पीपीएम नायट्रोजनही येतो तो पण मोजायचा.

मिसळताना कॅल्शियम नायट्रेट आणि एप्सम सॉल्ट एकाच मगात घट्ट विरघळवू नका. मी एकदा केलं होतं, पाणी दुधासारखं झालं आणि तळाला पांढरा गाळ बसला, तो जिप्सम, असं गाळात बसलेलं कॅल्शियम झाडाला मिळत नाही. भरपूर पाण्यात आधी एक पूर्ण विरघळवा मग दुसरं, आणि पीएच सगळ्यात शेवटी, 5.5 ते 6.5.

कोकोपीटवाल्यांनी (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरायच्या आधी ते कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून निथळून घ्या, नाहीतर सुरुवातीचं कॅल्शियम कोकोपीटच धरून ठेवतं.

आणि एवढं करूनही नवीन पानांच्या कडा करपत असतील तर डोस वाढवू नका, हवा बघा. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं, हवा दमट आणि कोंदट असली की पान पाणी ओढतच नाही, अशा वेळी बऱ्याचदा एक छोटा फॅन लावला तरी फरक पडतो. करपलेलं पान परत हिरवं होत नाही, त्यामुळे पुढचं येणारं पान बघूनच ठरवा.