कमळगडावर एका दिवसात गटाने कसे जावे : बेत शेवटच्या माणसाच्या चालीने

वाईच्या पश्चिमेला, कृष्णा आणि वाळकी या दोन नद्यांच्या खोऱ्यांमधल्या सोंडेवर उभा असलेला कमळगड सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल असा गड आहे. धोम धरणाच्या पाण्याकडेने जाताना तो झाडीने भरलेला साधा डोंगर वाटतो. पण त्या झाडीच्या डोक्यावर चारही बाजूंनी तासल्यासारखा उभा कातळ आहे आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० फूट उंचीवरचा माथा त्या कातळामागे दडलेला आहे. हिवाळ्यातील सुट्टीच्या दिवशी मित्रमंडळी, कार्यालयातील सहकारी किंवा नातेवाईक असे दहा-बारा जण मिळून येथे यावे, अशी ही जागा आहे. अशा गटाला खरा त्रास चढणीचा होत नाही, तो गट फुटल्यामुळे होतो. म्हणून या वाटेवर वेळेपासून विश्रांतीपर्यंत प्रत्येक गोष्ट सर्वांत मागे चालणाऱ्या माणसाकडे पाहून ठरवावी, असे माझे ठाम मत आहे.

घरी करायची तयारी

आधी माणसे नक्की करावीत. बारापेक्षा जास्त जण येत असतील तर सरळ दोन गट करून प्रत्येकाला वेगळा म्होरक्या द्यावा. गुडघेदुखी, दमा, रक्तदाब किंवा उंचीची भीती यांची चौकशी प्रत्येकाला स्वतंत्र फोन करून करावी, कारण व्हॉट्सॲपच्या गटावर चारचौघांत विचारले की बहुतेक जण ‘काही नाही, येतो’ एवढेच लिहितात आणि खरी गोष्ट अर्ध्या चढणीवर कळते.

ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात कातळावर शेवाळ चढते आणि धुक्यात दहा पावलांपुढची वाट दिसत नाही, त्यामुळे नवख्या माणसांना घेऊन तेव्हा जाऊच नये. मार्चनंतर उन्हाचा तडाखा आणि वाळलेल्या गवताला लागणारे वणवे यांचा धोका असतो.

वेळेचे गणित उलट बाजूने, म्हणजे सूर्यास्तापासून मांडावे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याच्या अर्धा तास आधीच अंधारते. म्हणून गट पाच वाजता पायथ्याच्या वासोळे गावात पोहोचलेला असावा. उतरायला विश्रांतीसह तीन तास धरले तर दोन वाजता माथा सोडलाच पाहिजे. चढायला किती वेळ लागेल, यासाठी स्कॉटलंडचे गिर्यारोहक नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला आडाखा आजही वापरतात : सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास आणि त्याशिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. तो आडाखा सरावलेल्या पायांचा आहे. आपल्या मिश्र गटासाठी येणाऱ्या उत्तराची दीडपट करावी, म्हणजे विश्रांती धरून चार-साडेचार तासांचा हिशेब जमतो. याचा अर्थ आठ वाजता चालायला सुरुवात आणि त्यासाठी सहाच्या आधी सातारा सोडणे. सांगलीकरांनी आदल्या रात्रीच वाईत मुक्कामाला यावे. पहाटे तीनला उठून गाडी चालवणारा माणूस संध्याकाळी परतीच्या रस्त्यावर पेंगतो. दोनची ही वेळ निघण्यापूर्वीच सर्वांना सांगून ठेवावी आणि माथा दहा मिनिटांवर राहिला असला तरी ती मोडू नये.

सामानात बुटांकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. दोन-तीन वर्षे माळ्यावर पडून राहिलेल्या बुटांचा डिंक सुकलेला असतो. वरून ते नवे दिसतात आणि घसरणीवर टाच रोवली की तळवा जिभेसारखा लोंबायला लागतो. आदल्या आठवड्यातच बूट हातात घेऊन तळव्याची कड अंगठ्याने ओढून पाहावी, दुमडून पाहावा आणि ते घालून साताऱ्याजवळच्या अजिंक्यतारा किंवा यवतेश्वरच्या डोंगरावर एखादी फेरी करावी. पायाची नखे कापलेली असावीत, नाहीतर उतरताना अंगठे ठेचतात. दरडोई तीन लिटर पाणी, त्यातील एका बाटलीत लिंबू, मीठ आणि साखर घातलेले. खायला दशम्या आणि कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे, दोन-तीन संत्री. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, शिट्टी आणि प्रत्येकाकडे स्वतःची विजेरी. मोबाइलच्या दिव्यावर विसंबू नये, कारण झाडीत रेंज शोधता शोधता त्याची बॅटरी संपते.

वाटेवर

वासोळे गावात पोहोचल्यावर एखाद्या घरासमोर गाडी लावताना तेथील मामांना किंवा मावशींना राम राम करून आपण किती जण वर जात आहोत आणि किती वाजता परतणार, हे सांगावे. हा निव्वळ शिष्टाचार नव्हे. अंधार पडूनही गाडी तशीच उभी दिसली की चौकशीला निघणारी पहिली माणसे तीच असतात. वाटेची खात्री नसेल तर गावातूनच वाटाड्या घ्यावा आणि त्याची बिदागी आधी ठरवावी.

चालताना सर्वांत पुढे वाट माहीत असलेला माणूस आणि सर्वांत मागे तितकाच अनुभवी दुसरा माणूस ठेवावा. मागच्याच्या मागे कोणीही राहू नये. या डोंगरावर ढोरवाटा फार आहेत. गुरांच्या पायांनी मळलेल्या त्या वाटा खऱ्या पायवाटेपेक्षा रुंद दिसतात आणि कारवीच्या दाट झुडपांत नेऊन सोडतात. काही वर्षांपूर्वी मी स्वतः पुढे चालत असताना एका फाट्यावर न थांबता निघून गेलो. मागचे तिघे ढोरवाटेने उतरून एका ओढ्यात पोहोचले आणि त्यांना शोधून परत आणण्यात दीड तास गेला. त्या दिवशी माथा झाला नाही, याचे मला वाईट वाटले नाही. त्यांच्यातल्या एका मुलाचा रडवेला आवाज मात्र अजून आठवतो. तेव्हापासून प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबायचे आणि शेवटचा माणूस डोळ्यांना दिसल्यावरच हलायचे, हा नियम मी मोडलेला नाही.

विश्रांतीबाबतही एक चूक सर्रास होते. पुढचे लोक झाडाखाली बसून ताजेतवाने होतात, मागचा धापा टाकत पोहोचतो आणि तो पोहोचला म्हणून सगळे उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज सर्वाधिक, त्यालाच ती मिळत नाही. दहा मिनिटे मोजायची ती शेवटचा माणूस खाली बसल्यापासून. तो फारच थकला असेल तर त्याला पुढून दुसऱ्या जागी घ्यावे आणि त्याच्या पाठीवरचे वजन इतरांनी वाटून घ्यावे.

वर पठारावर आले की गोरखनाथाचे मंदिर लागते. जेवण उरकण्याचा मोह येथे आवरावा. भरल्या पोटाने कातळ चढू नये, थोडा गूळ आणि पाणी पुरे. येथे पुन्हा एकदा माणसे मोजावीत. ज्याला पुढे यायचे नसेल त्याला आग्रह करू नये, पण एकट्याला मागे ठेवू नये. सोबतीला कोणीतरी थांबावे.

शेवटच्या कातळावर शिस्त लागते. एका वेळी एकानेच चढावे, दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी दगडाला टेकलेले असावेत आणि हाताची पकड धरण्यापूर्वी दगड हलवून पाहावा. खाली उभे राहणाऱ्यांनी चढणाऱ्याच्या बरोबर खाली न राहता बाजूला व्हावे. एखादा दगड निसटलाच तर वरच्याने ‘दगड!’ असे मोठ्याने ओरडावे. सह्याद्रीतील कातळांच्या पोटाला आग्या मोहोळे असतात. त्यामुळे अत्तर लावू नये, धूर करू नये, विनाकारण आरडाओरडा करू नये. माश्या उठल्याच तर हात न झाडता तोंड कापडाने झाकून दाट झाडीकडे निघून जावे. मात्र कड्याच्या काठावर असाल तर धावू नये. झाकून घेऊन सावकाश सरकावे.

माथा सपाट आहे. उत्तरेला केंजळगड आणि रायरेश्वर, पश्चिमेला कोळेश्वराचे पठार, दक्षिणेला महाबळेश्वर-पाचगणीची धार आणि पूर्वेला धोमच्या पाण्यापलीकडे पांडवगड. १८१८ मध्ये हा गड इंग्रजांच्या हाती गेला. आज वर बांधकाम जवळजवळ उरलेले नाही, पण ज्यासाठी इतके चालावे अशी एक गोष्ट आहे : कावेची, म्हणजे गेरूची विहीर. कातळात उभी चिरलेली ही अरुंद घळ पायऱ्यांनी खाली उतरते, प्रत्येक पायरीला हवा थंड होत जाते आणि तळाशी भिंती काळ्या न राहता तांबड्या होतात. भिंतीला बोट टेकले की ते गेरूने माखते. चार-चार जणांनी उतरावे, विजेरी हातात ठेवावी, आणि कावेचे ढेकूळ खिशात घालून आणू नये.

उतरताना

गुडघे आणि घोटे दुखावतात ते प्रामुख्याने उतरताना, कारण पाय थकलेले असतात आणि मन घरी पोहोचलेले असते. घसाऱ्यावर पाय ताठ न ठेवता गुडघा किंचित वाकवावा, पाऊल आडवे आणि छोटे टाकावे, हातात काठी असल्यास ती उताराच्या बाजूला टेकवावी. धावत उतरणाऱ्या तरुणांना मागे ठेवावे. दगडांच्या कपारीत न पाहता हात घालू नये. या भागात घोणस आणि फुरसे दोन्ही आहेत. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. चावलेला अवयव न हलवता माणसाला उचलून खाली आणावे आणि रेंज मिळताच १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठावे.

गावात आल्यावर मामांना परतल्याचे सांगावे, कचऱ्याची पिशवी गाडीत टाकावी आणि चहा घेऊन चालकाला वीस मिनिटे डोळे मिटू द्यावेत. आपापल्या दुचाकीवर आलेल्यांनाही शेवटची मोजणी होईपर्यंत सोडू नये. ती मोजणी म्होरक्याने करू नये. दिवसभर मागे चालणाऱ्याने करावी, कारण कोण कुठे रेंगाळले होते हे त्यालाच ठाऊक असते.